रेगेचा ठेका: पहिली मात्रा सोडायची कशी?

डबलकिक
मंडळी, एका ठिकाणी गाडी अडली आहे. मी ठाण्यात ड्रम्स वाजवतो. कॉलेजात रॉक, मग ऑर्केस्ट्रा, सध्या लग्नांच्या संगीत-संध्या. डिसेंबरात आमच्या ग्रुपला मोरजीच्या एका शॅकवर रेगे वाजवायचंय. यादीत बॉब मार्ली आहेच, शिवाय सत्तरच्या दशकातली जमैकाची फारशी न ऐकलेली गाणीही आहेत.

वन ड्रॉप कागदावर अगदी सोपा दिसतो. तिसऱ्या मात्रेवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि रिम (स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवर काठी) एकत्र, वर हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) चालू. वाजवतोय, मेट्रोनोमला पक्काही आहे. तरी आमचा बासवाला म्हणतो, "हे रेगे नाही, रेगेचे कपडे घातलेलं हिंदी गाणं आहे." प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग ऐकल्यावर मलाही ते पटलं, पण नेमकं काय खटकतंय ते हाती लागत नाही. ठेका? आवाज? ज्यांनी हे वाजवलंय किंवा नीट कान देऊन ऐकलंय त्यांनी सांगा.

अतिशहाणा
शीर्षक वाचून पु. शि. रेग्यांच्या कवितेवर काही असेल म्हणून धावत आलो. असो. वाचतोय.

लोखंडी_कान
डबलकिक, आधी मोजणी एक करू, नाहीतर निम्मा धागा "तिसरी मात्रा की दुसरी-चौथी" यातच जाईल. एकच गाणं कुणी मिनिटाला ७५ ठोके धरून मोजतं, कुणी १५०. ७५ धरले तर किक-रिम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतात, १५० धरले तर तिसऱ्यावर. दोन्ही बरोबर. मी १५० धरतो, कारण त्यात पहिल्या मात्रेची रिकामी जागा डोळ्यांना दिसते:

मात्रा : १ आ २ आ ३ आ ४ आ
हॅट : च च च च च च च च
रिम : – – – – ट – – –
किक : – – – – धुं – – –
गिटार : – – चॅक – – – चॅक –

हे तुम्हाला पाठ आहे. घोळ बहुतेक हॅटच्या ओळीत आहे. रॉक आणि ऑर्केस्ट्रा वाजवणाऱ्याचा उजवा पाय पहिल्या मात्रेला आपोआप सरसावतो. पाय आवरला तरी मान हलते, खांदा खाली येतो आणि हॅटवरची काठी तिथे जरा जास्त जोरात पडते. मग किक नसूनही ऐकणाऱ्याला "एक" ऐकू येतो आणि ठेका जमिनीला चिकटतो. तुमचं रेकॉर्डिंग काढा, फक्त हॅट ऐका. पहिला "च" बाकीच्यांपेक्षा मोठा आहे का? माझी पैज आहे, असणार.

दुसरं, हे आठ "च" सारख्या अंतरावर नसतात. बरीच गाणी सरळ आठाची नाहीत आणि पूर्ण तिस्र अंगाचीही (तीन-तीनच्या चालीची) नाहीत, मधेच कुठेतरी झुलतात. किती झुलायचं ते गाण्यागणिक बदलतं आणि ते लिहून दाखवता येत नाही. मार्लीचा ड्रमर कार्लटन बॅरेट तर एकाच गाण्यात सरळ हॅटमधून तिस्रात जातो आणि परत येतो. म्हणून त्याला "वन ड्रॉपवाला" म्हणून सोडून देऊ नका. किक-रिम हा त्याच्या वाजवण्यातला सगळ्यात साधा भाग. खरं वादन डाव्या पायात आणि हॅटवरच्या हातात.

ऐकायला मार्लीचेच १९७३चा 'बर्निन' आणि १९७९चा 'सर्व्हायव्हल' हे अल्बम घ्या. दुसऱ्यात 'वन ड्रॉप' नावाचंच गाणं आहे. आधी बास म्यूट करून ऐका असं कुणी सांगेल, त्याच्या नादी लागू नका. बास सोडून रेगेचा ड्रम कळत नाही. कार्लटन आणि त्याचा थोरला भाऊ ॲस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेट हे आधी निर्माता ली पेरीच्या अपसेटर्स बँडमध्ये आणि मग मार्लीच्या वेलर्समध्ये बरोबर वाजवत होते, थोरला बासवर. पहिल्या मात्रेवर ड्रमरने जागा सोडली की तिथे काय होतंय ते बास ठरवतो. कधी तो तिथे उतरतो, कधी तोही टाळतो.

सम_आणि_खाली
मी तबल्याचा माणूस, रेगे मुलगा ऐकतो म्हणून कानावर पडलेलं. पण वरचं वाचून एक सुचवावंसं वाटतं. आपल्याकडे रूपकात समेवरच खाली असते. तीं तीं ना | धीं ना | धीं ना. पहिल्या मात्रेला डग्ग्याचा घुमारा नाही, तो येतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. डबलकिक यांनी काही दिवस रूपकाचा ठेका नुसता तोंडाने म्हणावा. "सुरुवात म्हणजे वजन" ही सवय सुटेल.

लोखंडी_कान
काका, सूचना आवडली. पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. रूपकात सम हलकी असली तरी वाजते. गाणारा तिथेच येतो, मैफल तिथेच मान डोलावते. वन ड्रॉपमध्ये किक आणि स्नेअर पहिल्या मात्रेवर चक्क गैरहजर, आणि सगळ्यांचं येऊन टेकणं तिसरीवर. म्हणजे वजन नुसतं कमी झालेलं नाही, त्याचा पत्ताच बदललाय. रूपक म्हणून वाजवायला गेलं तर पहिल्यावर नाजूकपणे का होईना काहीतरी ठेवायचा मोह होईल, आणि डबलकिक यांना नेमका तोच सोडायचाय.

सम_आणि_खाली
मान्य. तरी तोंडाने म्हणण्याचा मुद्दा सोडू नका. तुमच्या त्या तक्त्यात मी "धुं-ट" एकत्र म्हणून बघतोय, जीभ अडखळते. हातानेही अडखळत असणार.

गिरगावचा_बेंजो
वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्यासारख्या ऑक्टोपॅडवाल्यांनी काय करायचं? ऑर्केस्ट्रात 'रेगे' म्हणून एक बटण आहे, ते दाबलं की मागचे सगळे खूश.

म्हापशेकार
बेंजोबाब, ऑक्टोपॅडला नाक मुरडायचं कारण नाही. जमैकाचा ड्रमर स्लाय डनबारने ऐंशीच्या दशकात ब्लॅक उहुरू या बँडबरोबर सिमन्सचे इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवलेत, आणि रेगेसाठीचं पहिलं ग्रॅमी त्याच बँडच्या 'अँथम'ला मिळालं, १९८५ साली. त्याच वर्षी निर्माता किंग जॅमीने गायक वेन स्मिथचं 'स्लेंग टेंग' काढलं. त्यात ठेका कॅसिओच्या छोट्या एमटी-४० कीबोर्डमधल्या तयार बटणाचा! अख्ख्या जमैकाचं संगीत त्यानंतर डिजिटलकडे वळलं. तेव्हा बटणाने इतिहास घडलाय. फक्त तुमच्या पॅडवरचा 'रेगे' बहुतेक वेळा पहिल्या मात्रेवर किक घालतो आणि रिमऐवजी सणसणीत स्नेअर देतो. ते बदला.

डबलकिक, आता शॅकबद्दल. मोरजी-अश्वे भागात मी बरीच वर्षं बास वाजवतोय. रात्रभर नुसता वन ड्रॉप लावलात तर दहा वाजता माणसं बिल मागायला लागतात. तीन ठेके हाताशी ठेवा. वन ड्रॉप झालाच. दुसरा रॉकर्स: तिसऱ्या मात्रेचं वजन तसंच, पण पहिल्या मात्रेवरही किक येते, त्यामुळे गाणं चालायला लागतं. तिसरा स्टेपर्स: चारही मात्रांवर किक, छाती पुढे काढून. मार्लीचं १९७७चं 'एक्झोडस' घ्या. पहिला सेट वन ड्रॉपने उघडा, स्टेपर्स शेवटी ठेवा.

डबलकिक
लोखंडी_कान, पैज जिंकलात. पहिला "च" खरंच मोठा आहे, आणि गंमत म्हणजे फिलच्या (मधेच वाजवायच्या सजावटीच्या छोट्या तुकड्याच्या) आधीच्या आवर्तनात तो आणखी फुगतो. म्हापशेकार, धन्यवाद. पण रॉकर्स वाजवायला घेतला तर तो साधा पॉपचा ठेका वाटतो. पहिल्यावर किक, तिसऱ्यावर स्नेअर. मग वेगळं काय राहिलं?

मृदुला_लुईशम
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, बरीच वर्षं नुसती वाचक आहे. रॉकर्ससाठी स्लाय डनबारकडेच जावं लागेल. किंग्स्टनच्या मॅक्सफिल्ड ॲव्हेन्यूवर हुकीम बंधूंचा चॅनल वन स्टुडिओ होता. तिथल्या रेव्होल्यूशनरीज या वादक मंडळींमध्ये स्लाय ड्रमवर. मायटी डायमंड्स या गायक-त्रयीचं १९७६चं 'राइट टाइम' लावा. पॉपमध्ये स्नेअर हे किकला दिलेलं उत्तर असतं. इथे रिमवरची काठी स्वतःचंच काहीतरी बोलत राहते, किकच्या मधेमधे शिरते, मधूनच दुप्पट होते. म्हणून त्या काळी या वाजवण्याला 'मिलिटंट' म्हणायचे, कवायतीच्या ताशासारखं. स्लायने अमेरिकन सोलही भरपूर ऐकलं होतं. स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा ड्रमर अल जॅक्सन ज्युनियर त्याचा आवडता, आणि 'स्लाय' हे नावच स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडच्या वेडातून पडलं. त्याचा जोडीदार रॉबी शेक्सपिअर बास शिकला तो फॅमिली मॅन बॅरेटकडे. म्हणजे दोन घराणी वाटतात, पण मुळं एकमेकांत गुंतलेली.

आणि चौथा एक ठेका राहिलाच, 'फ्लाइंग सिंबल'. १९७४-७५मध्ये निर्माता बनी लीच्या रेकॉर्ड्सवर कार्लटन 'सँटा' डेव्हिसने गाजवलेला. यात हॅट गिटारच्या 'चॅक'बरोबर "त्स्स" करून उघडतो आणि लगेच मिटतो. फिलाडेल्फियाच्या सोल रेकॉर्ड्समधून उचललेली गोष्ट, तीच पुढे अमेरिकेत डिस्कोचं लक्षण झाली. जॉनी क्लार्कचं 'नन शॅल एस्केप द जजमेंट' ऐका. वरचा तक्ता तोच, फक्त गिटारच्या दोन्ही जागी हॅट उघडा. शॅकवर हे हमखास चालेल.

रात्रीचा_पाहुणा
एवढं सगळं कशाला? दोन झुरके मारा आणि बसा वाजवायला, आपोआप रेगे होतो. (ह. घ्या.)

मृदुला_लुईशम
हलकंच घेतलंय, पण उत्तर देते, कारण हा गैरसमज फार पसरलाय. ज्यांच्या रेकॉर्ड्स आपण ऐकतो ते बहुतेक सेशन-वादक होते. स्टुडिओत येणारा गायक रोज नवा, टेप महाग, एका दिवसात गाण्यांमागून गाणी. 'सैल' वाटणारा ठेका एका टेकमध्ये बिनचूक द्यायचा म्हणजे कारागिरीच. कित्येक जण आल्फा बॉइज स्कूलमधून आलेले. नन्सनी चालवलेली ती शाळा, तिथे कडक शिस्तीत बँड शिकवायचे. ड्रमर लेरॉय 'हॉर्समाउथ' वॉलेस तिथलाच.

शिवाय रास्ताफारी या जमैकी धर्मपंथाच्या लोकांचं न्याबिंगी वादन ही उपासना आहे, पार्टी नाही. त्यात तीन ढोल असतात. 'बास' नावाच्या मोठ्या ढोलावर कापड गुंडाळलेल्या दांड्याचा घाव, फुंदे हाताने न थकता तोच ठोका धरतो, आणि रिपीटर वरच्या पट्टीत बोलत सुटतो. काउंट ऑसी या रास्ताफारी ढोलवादकाच्या वारेका हिल्समधल्या मुक्कामी स्काचे (रेगेच्या आधीच्या वेगवान जमैकी संगीताचे) वादक जाऊन बसायचे. स्काटालाइट्स बँडचा ड्रमर लॉइड निब तिथूनच बुरू या जमैकी लोकपरंपरेतल्या ढोलांची चाल ड्रमसेटवर घेऊन आला. कार्लटन बॅरेटने लहानपणी रंगाच्या रिकाम्या डब्यांचा सेट करून वाजवला, आणि त्याच्यासमोर आदर्श होता तो निबचा. त्याचे स्नेअरवरचे फिल ऐकताना मला दर वेळी रिपीटर आठवतो.

सम_आणि_खाली
मृदुलाताई, सुंदर माहिती. तो फुंदे म्हणजे आपला झील धरणारा म्हणायचा. मला तर वाटतं डबलकिक यांनी आधी तोच वाजवावा, बाकीचं नंतर.

अतिशहाणा
म्हणजे वन ड्रॉप बॅरेटनेच शोधला ना? सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं.

लोखंडी_कान
नाही. रॉकस्टेडीच्या (स्का आणि रेगेच्या मधल्या संगीताच्या) दिवसांत, १९६६-६८च्या सुमारास, स्काचा वेग उतरला तेव्हाच हा ठेका आकाराला येत होता. विन्स्टन ग्रेनन हा ड्रमर त्याचं श्रेय स्वतःकडे घ्यायचा. अमेरिकन गायक पॉल सायमनने किंग्स्टनमध्ये केलेल्या आणि १९७२ साली आलेल्या 'मदर अँड चाइल्ड रीयुनियन'वर वाजवणारा तोच. अशा गोष्टींचा एकच बाप शोधू नये. बॅरेटने तो ठेका जगभर नेला आणि त्याला आवाज दिला, हे पुरे आहे. १९८७च्या एप्रिलमध्ये किंग्स्टनला त्याच्याच घरासमोर त्याला गोळ्या घातल्या. वय ३६.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर, डबलकिक, तुमच्या मूळ प्रश्नातला "आवाज?" हा भाग कुणी घेतलाच नाही. तुमचा सेट रॉकचा लावलेला असणार: स्नेअर जाड आणि खाली, किक घुमणारी. हे उलटं करा. स्नेअर भरपूर ताणा, इतका की खालच्या तारा सैल सोडल्यावर टिंबालीसारखा (पत्र्याच्या लॅटिन ड्रमसारखा) टण्णकन वाजला पाहिजे. बरेच जण फिलसाठी तारा सोडूनच ठेवतात. टॉमही वर. किकच्या आत चादर किंवा उशी कोंबा. नुसता "धप्प" आवाज हवा, शेपूट नको, कारण खालची सगळी जागा बासची आहे. तुमची किक घुमली की बासवाल्याची अर्धी पट्टी खाल्ली जाते. त्याला "हिंदी गाणं" वाटायचं हेही कारण असू शकतं.

रिमसाठी काठी उलटी धरा, जाड टोक कडेवर. तळवा कातड्यावर टेकलेला राहू द्या आणि काठी बोटभर पुढे-मागे सरकवून बघा. एका जागी ती फुसकी वाजते, दोन बोटं पुढे लाकडी "टॉक" येतो. ती जागा सापडली की काठीवर पेनने खूण करा. शॅकवरच्या अंधारात चाचपडत बसू नका.

गिरगावचा_बेंजो
+१. काठीवरची खूण भारी. ढोलकीची शाई घोटण्याइतकंच हे नाजूक काम दिसतंय.

डबलकिक
चादर कोंबली, स्नेअर ताणला. फरक लगेच कळतो. फिलचं सांगा आता. मी फिल मारून पहिल्यावर क्रॅशसकट (मोठ्या झांजेसकट) उतरतो, आणि तिथेच सगळं पुन्हा रॉक होतं.

म्हापशेकार
तिथेच तर घात आहे. फिल मारून पहिल्यावर धाडकन उतरलात म्हणजे जी जागा सोडायला आतापर्यंत शिकलात तिथेच झेंडा लावलात. फिल तिसऱ्या मात्रेवर संपवा, नाहीतर चौथीवर क्रॅश मारून हाताने लगेच दाबा. पहिली मात्रा येऊ द्या नि जाऊ द्या. 'आय शॉट द शेरीफ'ची सुरुवात ऐका, एक छोटासा फिल आणि गाणं चालू. पाहुण्यांना बोलावून आपण बाजूला होतो तसं.

आणि फिल कमी मारा. आमच्याकडे नवा ड्रमर आला की मी पहिल्या प्रॅक्टिसला फिलची बंदीच घालतो. एकच आवर्तन, तेच, न बदलता. कंटाळा आल्यावर हात काहीतरी सजवायला बघतो, ते होऊ द्यायचं नाही. कंटाळ्याच्या पलीकडे गेलात की हॅटचा झोका आपोआप सापडतो.

सम_आणि_खाली
आमच्याकडे याला नगमा धरून बसणं म्हणतात. मुलांना सगळ्यात नकोसं वाटणारं काम.

लोखंडी_कान
मेट्रोनोमचा एक प्रकार सांगतो. ७५वर लावा, पण क्लिक पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर पडतेय असं समजू नका. ती दुसऱ्या-चौथ्यावर, म्हणजे गिटारच्या जागी पडतेय असं धरा. "एक" कुणीच सांगत नाही, तुम्हालाच धरून ठेवायचाय. ते जमलं की बासची ओळ तोंडाने गुणगुणत वाजवा. सुरुवातीला पाय चुकीच्या जागी पळेल. पळू द्या, थांबवून पुन्हा सुरू करण्यापेक्षा चालत्या गाडीत दुरुस्त करा.

वेगही तपासा. लग्नाच्या स्टेजवरची सवय म्हणजे गाणं पुढे रेटणं. रेगेत ड्रमर घाई करायला लागला की गिटारचा 'चॅक' आखूड होतो आणि ऑर्गनवाल्याची बुडबुड्यांसारखी चालणारी साथ धापा टाकते. शेवटच्या गाण्याचा वेग पहिल्या कडव्यात आणि शेवटच्या कडव्यात मोजून बघा, रेकॉर्डिंग आहेच.

रात्रीचा_पाहुणा
मघाशी गंमत केली होती, पण धागा खरंच चांगला झालाय. एक शंका: तीच बासची ओळ वेगवेगळ्या गायकांच्या गाण्यात कशी ऐकू येते? चोरी म्हणायची का?

मृदुला_लुईशम
त्याला 'रिडिम' म्हणतात. ड्रम आणि बासचा एक साचा तयार झाला की त्यावर कितीही गायक आपापली गाणी बांधतात, आणि तिथे तो रिवाजच आहे. (वादकांना त्याचे पैसे किती मिळाले हा वेगळा आणि कडू विषय. त्यावर स्वतंत्र धागा काढते.) डबलकिक, तुम्हाला याचा थेट उपयोग आहे: एकच रिडिम घेऊन त्यावरची निरनिराळ्या गायकांची गाणी सलग लावा आणि त्यांच्यासोबत वाजवा. गायक बदलतो, तुम्ही बदलायचं नाही.

इंग्लंडमधल्या साउंड सिस्टीमवर (प्रचंड स्पीकर लावून रेकॉर्ड वाजवणाऱ्या मंडळींकडे) स्टेपर्स ऐकायला मिळालं तर सोडू नका. आमच्याच भागातला, दक्षिण-पूर्व लंडनचा साउंड सिस्टीमवाला जाह शाका २०२३मध्ये गेला. त्याच्या रात्रींमध्ये किक कानांपेक्षा बरगड्यांना आधी कळायची.

म्हापशेकार
एवढ्या लांब जायला नको, गोव्यात २०१६पासून गोवा सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव भरलेला आहे. दिल्लीच्या रेगे राजाज या ग्रुपची खटपट. आधी तारखा बघून घ्या, मगच तिकीट काढा.

डबलकिक
सगळ्यांचे आभार. ठरवलंय: पहिला सेट वन ड्रॉप आणि फ्लाइंग सिंबल, दुसऱ्यात रॉकर्स, शेवटची गाणी स्टेपर्स. फिलवर आमच्या बासवाल्यानेच बंदी घातलीय, त्याने हा धागा वाचला वाटतं. आता अडचण त्याचीच आहे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या घरी लग्न निघालंय. ठाणे-कल्याण पट्ट्यात रेगेचा बास वाजवणारं आणि आठवडाभर मोरजीला येऊ शकणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च शॅकवाल्याचा, मासे आमच्याकडून.